मुलकी नियम (हैदराबाद संस्थान)

मुलकी नियम हे हैदराबाद संस्थानातील सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ (संस्थानातील) आणि ‘गैरमुलकी’ (संस्थानाबाहेरील) व्यक्ती कोणास म्हणावे हे ठरविणारे नियम होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९१९ च्या फर्मानाने ते लागू झाले. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील उमरग्यासह संपूर्ण मराठवाडा त्यांच्या कक्षेत होता. मराठीत ‘मुलकी’ हा शब्द महसुली वा नागरी कारभारासाठीही वापरतात; येथे त्याचा अर्थ ‘मुलखातील’ असा आहे.

पार्श्वभूमी
पहिल्या सालारजंगांनी राज्यकारभाराची नवी घडी बसविताना उत्तर हिंदुस्थान व इतर प्रांतांतून शिकलेले अधिकारी आणले. त्यामुळे वरिष्ठ जागा बाहेरच्यांकडे जातात, अशी स्थानिकांची तक्रार वाढली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर संस्थानातील पदवीधरांच्या नोकरीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला.

व्याख्या
पुढील व्यक्ती मुलकी मानल्या जात :
• जन्माने संस्थानची प्रजा असलेली व्यक्ती;
• संस्थानात किमान १५ वर्षे कायम वास्तव्य करून, मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणारी व्यक्ती;
• जिच्या जन्माच्या वेळी वडील सरकारी सेवेत होते व त्यांची १५ वर्षे सेवा झाली होती, अशी व्यक्ती;
• मुलकी पुरुषाची पत्नी.

गैरमुलकी व्यक्तीस निजामाच्या खास मंजुरीशिवाय वरिष्ठ वा कनिष्ठ सेवेत नेमता येत नसे.

सीमाभागातील अर्थ
या व्याख्येत भाषेला स्थान नव्हते. उमरगा, आळंद व बीदर येथील रहिवासी, त्यांची भाषा मराठी, कन्नड वा उर्दू असो, एकाच मुलखातील ठरत. उलट, ब्रिटिश हद्दीतील सोलापूरचा मराठी भाषक उमरग्यात गैरमुलकी होता. मात्र मुलकी ठरल्याने नोकरीची वाट मोकळी होत नसे. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी भाषकांपुढे दुसरा अडसर कायम राही.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हे चित्र उलटले. उमरगा मुंबई राज्यात, तर आळंद व बीदर म्हैसूर राज्यात गेले. सोलापूर व उमरगा एकाच राज्यात आले.

नियमांचा शेवट
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत निवासस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली; राज्यांतर्गत निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेला दिला. १९५७ च्या केंद्रीय कायद्यात तेलंगणासाठी मर्यादित काळाची सवलत होती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द ठरविली. १९७२ मध्ये मात्र मूळ मुलकी नियम वैध असल्याचा निकाल दिला. या वादातून तेलंगणा व आंध्र या दोन्ही भागांत आंदोलने झाली. अखेर संसदेने १९७३ मध्ये हे नियम रद्द करणारा कायदा संमत केला.

मराठवाड्यासाठी वेगळा मार्ग निवडला गेला. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांत वाटा मान्य केला आणि अनुच्छेद ३७१(२) मध्ये नोकरीच्या पुरेशा संधींची तरतूद झाली. येथे ‘बाहेरचा कोण’ हे ठरविण्याऐवजी विभागाचा वाटा महत्त्वाचा मानला गेला.

आजच्या कायद्यांशी तुलना
जन्म, वास्तव्य व हेतू या मुलकी नियमांतील कसोट्या आजही निरनिराळ्या कायद्यांत आढळतात. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार ‘भारतात निवासी’ ठरण्यासाठी मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य लागते. येण्या-जाण्याचा हेतूही पाहिला जातो. नागरिकत्व ही वेगळी बाब असल्याने परदेशी नागरिकही निवासी ठरू शकतो. कंपनीला जन्म वा हेतू लागू होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार भारताबाहेर स्थापन झालेली व येथे व्यवसायाचे ठिकाण ठेवून व्यवसाय करणारी कंपनी ‘विदेशी कंपनी’ होय. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो.