विश्वासाची मोजदाद

माझी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. अर्जदार समोर बसला की आम्ही दोन गोष्टी पाहायचो: ऐपत आणि नियत. ऐपत सातबारा आणि ताळेबंदात दिसायची. नियत कळायला मात्र गावच्या सोसायटीच्या सचिवापासून किराणा दुकानदारापर्यंत चौकशी करावी लागे. आम्ही ज्याला अंदाज म्हणायचो, त्यावर विद्यापीठांत किती काम झालं आहे हे निवृत्तीनंतर वाचू लागलो तेव्हा कळलं.

शीतयुद्धाच्या दिवसांत, १९५८ साली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच यांनी विश्वास आणि संशय यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोरचा साथ देईल की दगा, हे ठाऊक नसताना माणसं सहकार्य कधी करतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९६७ मध्ये ज्युलियन रॉटर यांनी विश्वास मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली.

अर्थशास्त्राचं दार मात्र सहज उघडलं नाही. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला. तो छापून आला १९७० मध्ये. मधल्या काळात ते वर्षभर दिल्लीत होते. निबंधात आपला सावकारही आहे. तो आपली कुळं ओळखून असतो. त्याच्यापेक्षा कमी व्याजाने कर्ज देऊ पाहणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या वाट्याला बुडवेच येतात. आमच्या शाखेत बदलून आलेल्या प्रत्येक नव्या मॅनेजरचं पहिलं वर्ष असंच जाई! पुढे २००१ मध्ये अ‍ॅकरलॉफ यांना नोबेल मिळालं.

१९८८ मध्ये दिएगो गाम्बेता यांनी केंब्रिजमधल्या चर्चासत्रांतून ग्रंथ संपादित केला आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान एका मांडवाखाली आलं. १९९५ मध्ये मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी विश्वासपात्रतेचे तीन घटक मांडले: क्षमता, सद्भाव आणि सचोटी. आमच्या ऐपत-नियतीत सद्भावाचा कप्पा वेगळा नव्हता.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला, मिनेसोटात बर्ग, डिकहाऊट आणि मॅककेब यांनी केलेला प्रयोग मला सर्वांत आवडतो. दोन अनोळखी विद्यार्थी, एकमेकांना कधीच न भेटणारे. पहिल्याने आपल्या दहा डॉलरांतून हवे तेवढे दुसऱ्याला पाठवायचे. ते वाटेत तिप्पट होणार. दुसऱ्याने किती परत करायचे ते त्याच्या मर्जीवर. ३२ जणांपैकी फक्त दोघांनी काहीच पाठवलं नाही. सरासरी पाचेक डॉलर गेले, परत आले त्याहून थोडे कमी. म्हणजे विश्वास टाकणारे पुष्कळ निघाले, पण तो सरसकट फळला नाही.

या विषयाला स्वतःचं नियतकालिक मिळालं ते २०११ मध्ये. पण माझ्या मते खरा प्रश्न त्याआधीच, २००२ मध्ये, बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत ओनोरा ओनील यांनी मांडला होता. लोकांचा विश्वास वाढावा, असा धोशा सगळे लावतात. ओनील यांचा भर होता तो कोणावर ठेवावा हे पारखण्यावर. त्यासाठी पडताळून पाहता येईल अशी माहिती हाती हवी.

म्हणून माझं सांगणं एवढंच: तुमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेला नुसतं चहा-नाश्त्यापुरतं जाऊ नका. अहवाल वाचा आणि थकबाकी किती, संचालकांच्या नातलगांना कर्जं किती, हे उभं राहून विचारा.