आधी वर्दी, मग कागद?

शिरोड्यातून बोलतोय. मागे लाटांचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या.

पहाटे वेळागरच्या किनाऱ्यावर आलात, तर ओल्या वाळूत पोरं धावताना दिसतील. सैन्यभरतीची तयारी. सोळाशे मीटर, घड्याळ लावून. काही वर्षांपूर्वी मीही त्यांच्यात होतो. धावलो चांगला, पण फाइलमधला एक दाखला जुना निघाला. चूक माझीच. एसटीने परत येताना डोक्यात एकच होतं: जीव द्यायला निघालेल्या माणसाकडेही आधी कागदच मागतात.

पण याच्या उलट झालं तर? देशाने वर्दी आधी दिली आणि कागद नंतर नाकारला तर? असं खरंच झालंय. आणि त्या सैनिकाच्या बाजूने जो वकील उभा राहिला, त्याचं नाव ऐका: सखाराम गणेश पंडित.

1913 साली भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी तरुण अमेरिकेला गेला. (शहीद भगतसिंग वेगळे हं.) ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबला. पहिलं महायुद्ध चालू होतं. जुलै 1918 मध्ये तो अमेरिकन सैन्यात भरती झाला, पगडीसकट. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने कायदा केला होता, की सैन्यातल्या परदेशी माणसांना नागरिकत्व लवकर द्यायचं. थिंदला 9 डिसेंबर 1918 रोजी, अंगात वर्दी असतानाच, नागरिकत्व मिळालं.

आणि चार दिवसांत रद्द झालं!

का? तर 1790 पासूनचा नियम असा, की नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाची भर पडली. हिंदी माणूस ना इकडचा, ना तिकडचा. म्हणजे बघा, बंदूक हातात देताना रंग आड आला नाही, कागद देताना आला. त्यानंतर काही दिवसांतच सैन्याने त्याला सन्मानाने निरोप दिला. शेरा होता ‘वर्तन उत्कृष्ट’.

थिंदने हार मानली नाही. 1920 मध्ये ओरेगॉनच्या कोर्टाने त्याला पुन्हा नागरिकत्व दिलं. सरकार वर गेलं. 1923 मध्ये खटला सुप्रीम कोर्टात उभा राहिला आणि इथे येतात सखाराम पंडित. कॅलिफोर्नियात वकिली करायचे, 1914 पासून अमेरिकेचे नागरिक.

आता जरा कडू भाग. युक्तिवाद काय होता? थिंद आर्य आहे, उच्च जातीचा आहे, म्हणून तो ‘गोरा’च. म्हणजे एका भेदभावाच्या दारातून आत शिरायला दुसऱ्या भेदभावाची किल्ली! आज वाचताना लाज वाटते. पण त्या कायद्याने वाटच तेवढी ठेवली होती, हेही खरं. ‘याने आमच्यासाठी वर्दी घातली’ एवढं पुरेसं नव्हतं.

फेब्रुवारी 1923 मध्ये निकाल लागला: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. थिंद हरला. मग सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे कागदही काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांवरही पाळी आली. ते स्वतःसाठी लढले आणि 1926 मध्ये अपील कोर्टात जिंकले. थिंदला मात्र 1935 च्या कायद्याची वाट बघावी लागली. महायुद्धात लढलेल्या, पण वंशामुळे अडकलेल्या सैनिकांसाठी तो केला होता. 1936 मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं. पहिल्या कागदापासून अठरा वर्षांनी.

थिंद अमेरिकेत चोरून शिरला नव्हता. पण जे खरंच कागदांशिवाय राहतात, त्यांचं आज काय? तिथला नियम ऐका. 18 ते 25 वयाच्या जवळजवळ प्रत्येक मुलाने सक्तीच्या भरतीच्या यादीत नाव नोंदवायचं. कागद नसलेल्यानेसुद्धा! पण तोच स्वतःहून भरती व्हायला गेला, तर साधारणपणे दार बंद. अपवाद म्हणून 2009 मध्ये एक योजना आली: भाषा किंवा डॉक्टरी येणाऱ्या परदेशी लोकांनी सैन्यात यावं, नागरिकत्व लवकर देऊ. भाषांच्या यादीत हिंदीही होती. लहानपणी आईवडिलांबरोबर कागदांशिवाय आलेल्या काही मुलांनाही 2014 पासून वाट मिळाली. 2016 मध्ये नवी भरती थांबली. अनेक जण तपासणीत अडकले, काहींना काढून टाकलं, काही कोर्टात गेले.

आणि एक नाव लक्षात ठेवा: होसे गुतिएरेझ. ग्वाटेमालाचा अनाथ मुलगा. कागदांशिवाय सीमा ओलांडून आला, पुढे राहण्याचा परवाना मिळवून मरीन झाला. मार्च 2003 मध्ये इराक युद्धाच्या सुरुवातीलाच मारला गेला. नागरिकत्व त्याला मरणानंतर मिळालं.

‘तिकडचं तिकडे’ म्हणाल, तर आपल्याकडेही बघा. आपल्या भरतीच्या नियमांत भारतीय नागरिकाशिवाय नेपाळचे लोक बसतात आणि पूर्वी 1 जानेवारी 1962 आधी कायमचे राहायला आलेले तिबेटी निर्वासितही बसायचे. 1962 च्या युद्धाच्या वेळी तर तिबेटींचं वेगळं दलच उभं राहिलं, स्पेशल फ्रंटियर फोर्स. ऑगस्ट 2020 मध्ये त्या दलाचे न्यिमा तेन्झिन लडाखमध्ये सुरुंगाच्या स्फोटात गेले. त्यांच्या शवपेटीवर दोन झेंडे होते, भारताचा आणि तिबेटचा. भारतात राहणाऱ्या बहुतेक तिबेटींकडे आजही पासपोर्ट नसतो, असतं ते निर्वासित म्हणून नोंदणीचं पुस्तक.

देशाने कागद तपासावेत, माझी ना नाही. माझा दाखला जुना होता, मी घरी आलो, आणि इथला नागरिक म्हणूनच आलो. थिंदला ते सुख नव्हतं. माझं म्हणणं एवढंच: ज्याला आपण ‘तू आमच्यासाठी मर’ म्हणू शकतो, त्याला ‘तू आमचा’ म्हणायला अठरा वर्षं लागू नयेत.

उद्या पहाटे किनाऱ्यावर कोणी धावताना दिसला, तर आधी पाठ थोपटा. आणि मग विचारा, ‘काय रे, दाखले नवे आसत मां?’

भेटूया पुढच्या भागात!