उभ्या गाडीचा विमा

 

आज आधी स्वतःची चूक सांगतो. १९९९ साली माझी बदली फील्ड एरियात झाली. माझी जुनी फियाट मी वडिलांच्या अंगणात ठोकळ्यांवर चढवली, बॅटरीची वायर काढली, वर ताडपत्री टाकली. गाडी चालणारच नाही, तर विमा कशाला, असा हिशोब करून हप्ता भरला नाही. किल्ली मात्र घरीच ठेवली. सहा महिन्यांनी पुतण्याने गाडी खाली उतरवून बाजारात नेली आणि एका सायकलवाल्याला धक्का दिला. खरचटण्यावर निभावलं. पण त्या माणसाचा पाय गेला असता, तर भरपाई कोणी दिली असती? मालक मी होतो. तेव्हापासून या कायद्याचा इतिहास मी चाळत आलो.

विम्याची सक्ती आली ती गाडीसाठी नव्हे, रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी. धडक देणाऱ्याकडे पैसेच नसले, तर कोर्टाचा निकाल जखमी माणसाच्या काय कामाचा? म्हणून ब्रिटनने १९३० साली तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ चा. त्यातलं विम्याचं प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून लागू झालं.

या कायद्याने सक्ती गाडी बाळगण्यावर घातली नाही. ती घातली सार्वजनिक जागी गाडी वापरण्यावर. १९८८ च्या नव्या कायद्याचं कलम १४६ तेच सांगतं: विम्याशिवाय स्वतः वापरू नका, दुसऱ्यालाही वापरू देऊ नका. म्हणजे सगळा प्रश्न दोन शब्दांवर येतो, 'वापर' आणि 'सार्वजनिक जागा'.

आधी 'वापर'. ऑक्टोबर १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर रस्त्याच्या कडेला उलटला. पेट्रोल गळत राहिलं, लोक जमले आणि सुमारे चार तासांनी स्फोट झाला. माणसं जळून मेली. विमा कंपनीचं म्हणणं, टँकर पडून होता, वापरात नव्हता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. उभी असलेली, बंद पडलेली गाडीही 'वापरात' असू शकते, असा तो निकाल.

आता 'सार्वजनिक जागा'. ऐंशीच्या दशकातच मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं, की जागा खाजगी मालकीची असली तरी लोकांची तिथे ये-जा असेल, तर ती सार्वजनिक ठरू शकते. सोसायटीच्या आवारात गाडी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि घरासमोरचा रस्ता तर सार्वजनिकच.

ब्रिटन पुढे आणखी कडक झालं. तिथे १९९८ पासून, गाडी रस्त्यावर आणणार नाही आणि करही भरणार नाही, तर तसं सरकारला कळवावं लागतं. २०११ पासून नियम असा, की तसं कळवलं नसेल तर विमा हवाच, गाडी चालो वा न चालो. आपल्याकडे कायदा अजून वापराकडेच पाहतो.

आपल्या २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये मात्र उभ्या गाडीसाठी एक तरतूद होती. गाडी गॅरेजमध्ये बंद ठेवत असल्याचं कंपनीला कळवायचं. त्या काळात आग, चोरी, पूर यांचं संरक्षण चालू राहतं, पण तिऱ्हाइताचं थांबतं. म्हणजे त्या दिवसांत गाडी नुसती मेकॅनिककडे नेली, तरी ती विम्याविना रस्त्यावर आली.

लांबच्या पोस्टिंगवर निघालेल्या जवानांना मी म्हणूनच सांगतो: थर्ड पार्टी विमा तुटू देऊ नका. स्वतःच्या नुकसानीचा विमा सलग ९० दिवसांहून जास्त बंद राहिला, तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. आणि विमा बंद ठेवायचाच असेल, तर किल्ली कुणाच्या हाती लागेल अशी ठेवू नका. माझी चूक विम्यात होती, तितकीच त्या किल्लीत होती.

जय हिंद.