हेन्री कॉवेल व त्याचें त्रैमासिक

अमेरिकेच्या अभिजात संगीताची गोष्ट निघाली कीं चार्ल्स आइव्हज व ॲरन कोपलंड हीं नांवें प्रथम पुढें येतात. आइव्हजची प्रतिभा श्रेष्ठ, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु विम्याचा धंदा करणाऱ्या या गृहस्थाच्या कृति बव्हंशीं घरांतच पडून होत्या. त्या लोकांपुढें आणण्याचें श्रेय ज्यांचें, त्यांत हेन्री कॉवेल अग्रणी होता.

कॉवेल १८९७ सालीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें जन्मला. शाळेंतील शिक्षण त्यास फारसें लाभलें नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोंत चिनी व जपानी शेजाऱ्यांचें संगीत लहानपणींच त्याच्या कानीं पडलें. म्हणून संगीत म्हणजे जर्मन संगीत, हा त्या काळच्या अमेरिकन पंडितांचा ग्रह त्याला कधीं झालाच नाहीं. मूठ किंवा सबंध हात पिआनोवर टेकून अनेक स्वर एकदम उठविण्याची त्याची रीत पुष्कळांना निव्वळ सर्कस वाटली. बार्टोकनें मात्र तीच रीत वापरण्याची अनुज्ञा त्याजकडे मागितली.

आमच्या मतें त्याचें खरें कार्य १९२७ सालीं निघालेलें 'न्यू म्यूझिक' हें त्रैमासिक होय. त्यांत लेख नसत, संपूर्ण स्वरलिपि छापीत. आणि तीहि कोणी प्रकाशक हातीं धरणार नाहीं अशा संगीताची. कार्ल रगल्स, रूथ क्रॉफर्ड यांच्या कृति त्यांतून आल्या. आइव्हजच्या चौथ्या सिंफनीचा दुसरा भाग १९२९ च्या जानेवारींत आला. पैसा पुष्कळसा आइव्हजनेंच पुरविला. स्वतःच्या वळणाचें नसलेलें संगीतहि आदरानें छापणारा संपादक विरळा! जॉन केज त्याच्यापाशीं शिकला, तोहि गुरूची नक्कल करीत बसला नाहीं. कॉवेलच्या स्वतःच्या वीस सिंफन्या मात्र सारख्या तोलाच्या नाहींत.

१९३६ सालीं समलिंगी संबंधाच्या आरोपावरून त्यास शिक्षा झाली व सॅन क्वेंटिनच्या तुरुंगांत त्यानें चार वर्षें काढलीं. तेथें तो कैद्यांना संगीत शिकवी. ज्याच्यासाठीं तो इतका झटला, त्या आइव्हजनें या काळांत त्याच्याशीं संबंध तोडले. १९४० सालीं तो सुटला, १९४१ सालीं विवाह झाला, तेव्हां कुठें आइव्हजचें मन वळलें. १९४२ सालीं गव्हर्नरनें त्यास माफी दिली. पुढें तो भारतांतहि येऊन गेला. त्याची 'मद्रास' सिंफनी १९५९ सालीं मद्रासलाच प्रथम वाजली.

आइव्हज १९५४ सालीं वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याचें पहिलें चरित्र प्रसिद्ध झालें. तें लिहिलें होतें कॉवेल व त्याची पत्नी सिडनी यांनीं.