चेनआजींचा टोफू

सनावळ्या पाठ होईनात म्हणून मी कॉमर्सला गेलो आणि बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो. तिथे लोकांच्या हप्त्यांच्या तारखा पाठ कराव्या लागतात, तो भाग वेगळा. अशा माणसाने एका रविवारी जालन्यात चिनी इतिहास शिजवला, त्याची ही हकीगत.

सुरुवात काउंटरवर झाली. आमच्याकडे एक मामा दरसाल सोयाबीनसाठी पीककर्ज घेतात. सहज विचारलं, "मामा, घरी सोयाबीनचं काय करता?"

मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सायेब, सोयाबीन काय खायाची अस्ती का? इकायची अस्ती."

जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन आणि ताटात एक दाणा नाही! चिनी माणूस याच दाण्याचं दूध काढतो, ते फाडतो आणि फडक्यात दाबून त्याचं पनीर करतो. तोच टोफू. त्यातला सगळ्यात जहाल प्रकार म्हणजे सिचुआन प्रांतातला मापो टोफू. आपल्या गाड्यांवर 'शेजवान' लिहितात ते हेच सिचुआन. (त्याच गाडीवरच्या मांचुरियनने मात्र मांचुरिया पाहिलेला नाही. नेल्सन वांग नावाच्या आचाऱ्याने तो 1975 मध्ये मुंबईत जन्माला घातला असं सांगतात.)

मापोची कथा अशी. 1862 च्या सुमाराला चेंगडू शहरात एका पुलाजवळ चेन नावाच्या गृहस्थाची खाणावळ होती. रांधायची त्याची बायको. तेलाचे हमाल तिथे टेकायचे. बाई टोफू, थोडा खिमा, तेल आणि मिरची एकत्र करून त्यांच्यापुढे ठेवायची. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. 'मा' म्हणजे व्रण, 'पो' म्हणजे म्हातारी. पदार्थाचं नाव पडलं ते त्या चेहऱ्यावरून. बाईचं पाळण्यातलं नाव मागेच राहिलं.

इथे माझा चमचा थांबला. माझ्या आजीच्या चेहऱ्यावरही देवीचे व्रण होते. 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, म्हणून आमच्या पिढीने ते फक्त म्हाताऱ्यांच्याच चेहऱ्यांवर पाहिले. गावात तिलाही त्या व्रणांवरूनच ओळखायचे. तिचा झुणका मात्र नुसता झुणकाच राहिला. घरात तिचा समोरून काढलेला एकही फोटो नाही. कॅमेरा आला की ती पदर ओढून मागे उभी राहायची.

असो. सामान जमवायला लागलो. मिरची भोकरदनकडची. तीही इथली नव्हेच; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आपल्याकडे आली. चीनमध्ये 1591 च्या एका ग्रंथात तिची नोंद चक्क शोभेचं झाड म्हणून आहे! तिकडे मिरची आणि बाकल्याचे दाणे महिनोन्‌महिने मुरवून लाल चटणी करतात. आम्ही ठेचा चार दिवस बरणीत मुरवला. जिभेला मुंग्या आणणारी सिचुआनी मिरी कुठून आणायची? तर रत्नागिरीहून बदलून आलेल्या सहकाऱ्याने पुडी सोडली. तिरफळ! बांगड्याच्या आमटीत घालतात ते. दोघांचं कूळ एकच. बिया टाकायच्या, टरफल ठेवायचं. कोकण, भोकरदन आणि मामांचं शेत यांचा ताळेबंद चेंगडूत जुळला.

सोयाबीन रात्रभर भिजवली, वाटली, गाळली. दूध चांगलं उकळून लिंबू पिळलं. किलोभर दाण्यांचा टोफू पाहून हिने विचारलं, "बाकीचा कुठं गेला?" मूळचं मांस गाईचं, आम्ही बोकडाचा खिमा घेतला. तो परतला, ठेचा घातला, तेल लाल सुटलं, टोफूचे तुकडे हलक्या हाताने सोडले आणि शेवटी तिरफळाची पूड.

आईने पहिला घास घेतला आणि बराच वेळ बोलली नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"जीभ झोपली रे," ती म्हणाली. "काय म्हणतात ह्याला?"

मी नाव सांगितलं, अर्थही सांगितला. आई ताटाकडे पाहत राहिली.

"म्हणजे सासूबाईंचंच की," ती म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतलं.

सोमवारी डबा मामांना दिला. त्यांनी एक तुकडा दाताखाली धरला, दोनदा नाक पुसलं आणि विचारलं, "ही आपली सोयाबीन व्हय?" मग डबा चाटूनपुसून परत केला आणि पासबुक पुढे सरकवलं.