श्रीफळ आणि बिस्किट

व्याख्यानमालेच्या चालकांना मी विषय कळविला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. ‘घरी भाजलेले नारळाचे बिस्किट’ हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी अतिशय सौम्यपणे मला विचारले, “म्हणजे पाककृती सांगणार आहात का?” पाककृतीही सांगेन, ती न सांगितली तर समोर बसलेल्या भगिनी मला माफ करणार नाहीत. परंतु मला सांगायचे आहे ते निराळे आहे. आपल्या धर्मविधींत नारळाइतके पवित्र फळ नाही. कलशावर तो, देवापुढे तो, नारळी पौर्णिमेला समुद्रालाही तोच. आणि पाव-बिस्किटांइतकी बाटवणारी वस्तू शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या आळीत दुसरी नव्हती. हे दोन पदार्थ एका परातीत एकत्र आले कसे, हा माझा प्रश्न आहे.

आपण येथे वसंत व्याख्यानमालेसाठी जमलो आहोत, तेव्हा आरंभ तिच्यापासूनच करू. न्यायमूर्ती रानडे यांनी ही प्रथा १८७५ साली पुण्यात सुरू केली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी एका समारंभाला गेली. त्यांत रानडे होते आणि टिळकही होते. व्याख्यान झाल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी मान राखण्यापुरता पेला हातात धरला, कुणी तसाच ठेवला. ही मंडळी तेथे जमविण्यात गोपाळराव जोशी यांचा हात होता, आणि त्यांनीच पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यात नेहमी चहाचे नाव पुढे येते. माझ्या मते बिस्किटाचा गुन्हा अधिक मोठा होता. चहा निदान पाहुण्यांसमोर ओतला जातो. बिस्किट मात्र कुठे, कुणाच्या हाताने मळले आणि कोणत्या भट्टीत भाजले, याचा काहीच थांग लागत नाही.

हा धाक केवळ पुण्याचा नव्हता. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचे पाणी प्यालेले गावच्या गाव बाटले, अशा कथा गोव्यापासून वसईपर्यंत सांगितल्या जातात. त्यांत घडलेले किती आणि रचलेले किती, हे बाजूला ठेवू. एका भाकरीच्या तुकड्याने माणसाचे कुळ, सोयरीक आणि स्मशान बदलू शकते, असा समज होता, एवढे त्यांवरून निश्चित दिसते. दिल्लीत १८९८ साली ‘हिंदू बिस्किट’ या नावाने कारखाना निघाला, तो याच समजुतीवर.

आता थोडे गोव्याकडे वळू. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले आणि त्यांच्यामागोमाग गव्हाचा पाव आला. यीस्ट नव्हते, ते काम माडाच्या सुरेने भागविले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पाव पहिल्यांदा फुगला तोच माडाच्या जोरावर, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. साष्टीतील ख्रिस्ती कुटुंबे पाव भाजण्यात तरबेज झाली. पाववाल्याला आजही तेथे ‘पोदेर’ म्हणतात, आणि आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. या घरांतून नाताळात जे कुस्वाराचे ताट भरते, त्यात ‘बोलिन्या’ नावाची गोल, चपटी बिस्किटे असतात. रवा, बारीक वाटलेले ओले खोबरे, साखर, अंड्याचा बलक आणि वेलदोडा. मिश्रण रात्रभर मुरू देतात, सकाळी त्याचे लाडू वळून वरून काट्याने उभ्या-आडव्या रेघा ओढतात आणि भट्टीत घालतात. बाहेरून कुरकुरीत, आत किंचित ओलसर. माझ्या चवीला नारळाच्या सर्व बिस्किटांत हे पहिले. सरहद्दीच्या अलीकडील ब्राह्मणी घराला मात्र ते तिन्ही अंगांनी वर्ज्य: अंडे, ओले खोबरे वाटणारा हात आणि भट्टी.

हल्ली दुकानांत परदेशी धाटणीच्या डब्यांवर माड, वाळू आणि निळा समुद्र काढलेला असतो, आणि आत नारळाची किंवा अननसाची बिस्किटे असतात. ते चित्र बहुधा कॅरिबियन बेटांचे असते. पण त्या बेटांवर नारळ मुळात नव्हताच. नारळाची दोन मोठी कुळे आहेत, एक हिंदी महासागराचे आणि दुसरे पॅसिफिकचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने हे स्पष्ट केले. अटलांटिक किनाऱ्यावरचा नारळ हिंदी महासागराच्या कुळातला. तो पोर्तुगीज गलबतांतून सोळाव्या शतकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि तेथून ब्राझील व कॅरिबियनकडे गेला. उलट दिशेने अननस आणि काजू आपल्याकडे आले. त्या डब्यावरचा माड आपल्याच समुद्राचा नातलग आहे, आणि आतला अननस पाहुणा.

गोव्याच्या बोलिन्या घाटावर आल्या नाहीत. घाटावर आली ती सुरतेची नानकटाई. सुरतेत डच वखार सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्थापन झाली आणि १८२५ साली ती इंग्रजांकडे गेली. सांगतात ते असे की, डच गेल्यावर त्यांची भट्टी एका पारशी कारागिराकडे राहिली. पाव खाणारे गोरे उरले नाहीत, आणि सुरा व अंडी घातलेला माल स्थानिक गिऱ्हाईक घेईना. मग त्याने सुरा काढली, अंडी काढली, पाणीही काढले. उरले तूप, साखर आणि पीठ. सुरतेच्या दोटीवाला घराण्याची ही कथा, आणि त्यांच्या दुकानाची स्थापना १८६१ सालची मानतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ती जशीच्या तशी घेता येत नाही. ‘नान’ हा फारसी शब्द; ‘खताई’ म्हणजे चीन देशाचा, असा एक अर्थ लावतात; आणि अफगाणिस्तानातही याच नावाचे खुसखुशीत बिस्किट खातात. तेव्हा पदार्थ सुरतेहून जुना असावा. पण कथेतले मर्म खरे आहे. हा पदार्थ आपल्याकडे काही घालून आला नाही, काढून काढून आला.

या वजाबाकीचे शास्त्र पाहण्यासारखे आहे. पिठात पाणी पडले आणि ते मळले की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. पोळी लांबते आणि पाव फुगतो तो त्यामुळे. आधी पिठाला तूप चोळले तर कणाकणावर स्निग्धतेचा लेप बसतो, जाळे जमत नाही आणि पदार्थ तोंडात भुगा होतो. आपण करंजीला आणि शंकरपाळ्याला मोहन घालतो ते याचसाठी. स्कॉटलंडात याच तत्त्वावर ‘शॉर्टब्रेड’ होते. १७३६ साली तेथे छापल्या गेलेल्या पाकपुस्तकात त्याची कृती आहे. त्याचे प्रमाण साधे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. पण लोण्यात सुमारे सहावा हिस्सा पाणी असते, आणि कढविलेल्या तुपात ते जवळजवळ नसते. म्हणून आपली नानकटाई स्कॉटिश बहिणीपेक्षाही अधिक ठिसूळ.

आणि हेच निर्जळ असणे तिच्या कामी आले. पाण्यात शिजलेल्या अन्नाला विटाळ लवकर लागतो, तुपात किंवा दुधात घडलेल्याला तितका लागत नाही, हा आपला जुना दंडक. दुधात भिजवलेली दशमी प्रवासात चालते, पाण्यात भिजवलेली पोळी चालत नाही. नानकटाई या दंडकाच्या फटीतून आत शिरली. पाव दाराबाहेर राहिला. माझी आजी दोघांची तुलना करताना म्हणे, “तुपात झालंय, पाणी कुठे लागलंय?” या तर्कात सोय किती आणि श्रद्धा किती, हे तिने कधी उघड केले नाही.

यानंतरचा प्रश्न होता भट्टीचा. भट्टी बहुधा इराण्याची किंवा मुसलमानाची. काही घरांनी तो घरीच सोडविला, आणि त्यासाठी विलायती यंत्राची गरज नव्हती. कोकणात धोंडस फार पूर्वीपासून होते: तांदळाचा रवा, काकडी, गूळ आणि खोबरे जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. कायस्थ घरांतले भानोलेही असेच. गोव्याची बेबिंका थराथराने अशीच भाजतात. अर्थात ‘ओव्हन’ हा शब्द आपल्याकडे नव्हता, वस्तू होती. त्याच भांड्यात तळाशी वाळू पसरून वर ताटली ठेवली की नानकटाई भाजली जाई, आणि कोकणातून आलेल्या बायकांनी तिच्यात आपल्या हाताशी होते ते घातले: खोबरे. कुणी घातले, कोणत्या साली, याची नोंद कुठे सापडायची? बायकांच्या शोधांना तारखा नसतात.

ओले खोबरे येथे चालत नाही. त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. पाणी आले की चिवटपणा आला आणि टिकाऊपणा गेला. म्हणून सुके खोबरे, पाठ काढून, बारीक किसून, मंद विस्तवावर रंग न बदलता भाजलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिलोनात खोबऱ्याचा कोरडा कीस पेट्यांत भरून विलायतेला पाठविण्याचा धंदा उभा राहिला, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या गृहिणीही नारळाची बिस्किटे करू लागल्या. कोकणातली बाई ते किसणीवर करीत होती, एवढाच फरक.

प्रमाण असे. एक वाटी थिजलेले साजूक तूप परातीत घेऊन तळहाताने पांढरे, हलके होईपर्यंत फेसावे. त्यात एक वाटी पिठीसाखर घालून पुन्हा फेसावे. मग पावणेदोन वाट्या मैदा, पाऊण वाटी भाजलेला खोबऱ्याचा कीस, वेलची आणि चिमूटभर मीठ. मळू नये, फक्त गोळा जमवावा. उन्हाळ्यात तो पसरट होतो, तेव्हा अर्धा तास गारव्याला ठेवावा. आज विजेच्या भट्टीत १६० ते १७० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर मऊ लागले म्हणून पुन्हा आत घालू नये. थंड होताना ती आपोआप कडक होतात. गरम असताना उचलली तर मोडतात, आणि मोडलेली मुलांची, हा कायदा सर्व घरांत एकच.

१९३७ साली डालडा बाजारात आला आणि भट्टीवाल्यांची नानकटाई वनस्पती तुपावर गेली. ‘तुपात झालंय’ हा आजीचा आधारच त्याने काढून घेतला. पण तोवर दाराची कडी सैल झाली होती. दिवाळीच्या आधी घरोघरचे रवा, मैदा, तूप, साखर आणि किसलेले खोबरे पत्र्याच्या डब्यांतून भट्टीवर जाऊ लागले. माझ्या लहानपणी आमचा डबा मीच नेत असे. भट्टीवाला आमचेच तूप वापरतो की नाही, हे पाहण्यासाठी मला तेथे उभे केले जाई. तो परातीत कोपरापर्यंत हात घालून तूप फेसत असे, घाम पुसत असे, आणि मध्येच खोबऱ्याची चिमूट तोंडात टाकून “अच्छा है” म्हणत असे. ही चिमूट मी घरी कधी सांगितली नाही. डब्याच्या झाकणावर खडूने आडनाव लिहिलेले असे. संध्याकाळी तो गरम डबा टॉवेलात गुंडाळून आणला की आजी पहिली नानकटाई देवापुढे ठेवी, आणि दुसरी स्वतः खाई.