एक्कावन्नाव्या वर्षी डॉक्टर झालेल्या सिस्टर

आठवीतला संगणक कक्ष आठवतोय ना? चपला बाहेर रांगेत, आत गारेगार एसी आणि एकेका संगणकाभोवती आपण सात-आठ जण. कीबोर्ड ज्याच्या हाती लागेल त्याचा, आणि तो बहुतेक वेळा मुलांच्याच हाती लागायचा. (तीस वर्षांनी का होईना, बोलून टाकलं!) संगणकाच्या बाईंनी फळ्यावर बेसिक भाषेतला तीन ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. पडद्यावर माझं नाव एकाखाली एक धावायला लागलं आणि माझं पुढचं सगळं तिथेच ठरलं.

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहिते म्हटल्यावर इतिहासाच्या सरांना हसू आलं असेल. माझे मार्क त्यांना नक्की आठवत असतील. पण सर, हा माझ्या धंद्याचा इतिहास आहे, आणि त्यातल्या एका शिक्षिकेचा.

त्यांचं जन्मनाव इव्हलिन केलर. जन्म १७ डिसेंबर १९१३, अमेरिकेतलं क्लीव्हलँड. १९३२ मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या वर्षाच्या आतच, त्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेस्ड व्हर्जिन मेरी’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघात दाखल झाल्या आणि सिस्टर मेरी केनेथ झाल्या. मदर तेरेसांचा संघ वेगळा, तो पुष्कळ नंतरचा. हा संघ १८३३ सालचा. डब्लिनहून फिलाडेल्फियाला आलेल्या मेरी फ्रान्सिस क्लार्क आणि त्यांच्या चार सोबतिणींनी तो काढला, मुख्यतः मुलांना शिकवण्यासाठी. १८४३ मध्ये या बायका मिसिसिपीच्या काठी आयोवा प्रांतातल्या डब्यूक गावी गेल्या आणि तिथे मुलींची शाळा काढली. त्या शाळेचं पुढे क्लार्क कॉलेज झालं.

केनेथ सिस्टरांनी अंतिम व्रतं घेतली १९४० मध्ये. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातून १९४३ साली गणिताची पदवी आणि १९५३ साली गणित व पदार्थविज्ञानातली पदव्युत्तर पदवी. चाळिशी गाठलेली, हातात दोन पदव्या आणि शिकवण्याचं व्रत. इथे कोणी थांबलं असतं तरी कुणी बोल लावला नसता.

पण पन्नाशीच्या तोंडावर त्यांनी संगणक हा विषय धरला. तेव्हा तो विषय म्हणूनही पुरता उभा राहिला नव्हता. थोड्याच विद्यापीठांत खोलीभर मावणारी यंत्रं होती आणि ती गणितज्ञांच्या नाहीतर अभियंत्यांच्या ताब्यात. अशा काळात सिस्टर विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधन करू लागल्या. प्रबंधाचा विषय होता संगणकाने तयार केलेल्या आकृतिबंधांवरून अनुमान काढणं. आपण सातवीच्या स्कॉलरशिपला ‘मालिका पूर्ण करा’ सोडवायचो, आठवतं? चार उदाहरणं बघायची, नियम ताडायचा, पाचवं सांगायचं. हे यंत्राकडून करवून घेता येईल का, हा त्याच जातीचा प्रश्न. त्यांनी फोरट्रान भाषेत प्रोग्राम लिहिले. आज ज्या ‘एआय’मुळे माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांची झोप उडाली आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

७ जून १९६५ रोजी त्यांना संगणकशास्त्रातली पीएचडी मिळाली. त्यांचं वय एक्कावन्न. अमेरिकेत या विषयात डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या महिला. नुसतं ‘पहिल्या’ म्हणणंही चुकीचं नाही, फक्त त्याच दिवशी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने आयर्विंग टँग यांनाही डॉक्टरेट दिली, म्हणून पहिला नंबर दोघांत वाटून घ्यावा लागतो. बेसिक भाषा सिस्टरांनी बनवली असंही पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं. ती भाषा डार्टमथ कॉलेजच्या केमेनी आणि कुर्ट्झ यांची, १९६४ सालची. सिस्टरांना उसनं श्रेय चिकटवायची गरज नाही, त्यांचं स्वतःचं पुरेसं आहे.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. अशी पदवी घेऊन त्या गेल्या कुठे? डब्यूकला, आपल्याच संघाच्या क्लार्क कॉलेजात. कॉलेज छोटं, आणि तेव्हा फक्त मुलींचं. त्याच वर्षी त्यांनी तिथे संगणकशास्त्र विभाग सुरू केला आणि पुढची वीस वर्षं चालवला. नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून उपकरणांसाठी वर्षाला २५,००० डॉलर असं दोन वर्षांचं अनुदान मिळवलं. शिक्षकांना वर्गात संगणक वापरता यावा म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. संगणक फक्त गणितवाल्यांचा नाही, ग्रंथालयापासून प्रत्येक विषयाला तो लागणार, हे त्या आपल्या जन्माआधीपासून सांगत होत्या. छोट्या कॉलेजांनी संगणकाबाबत एकमेकांना मदत करावी म्हणून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या संस्थापकांतही त्या होत्या.

आणि नोकरी करणाऱ्या आयांना त्या सांगायच्या, बाळाला घेऊन वर्गात या.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. मुलगी झाल्यावर मी पाच वर्षं घरी होते. परत नोकरी शोधताना एका मुलाखतीत समोरच्या तरुणाने विचारलं, “मॅडम, या पाच वर्षांत तुम्ही नेमकं काय करत होतात?” मला उत्तर देता आलं नाही. नोकरी अर्थातच मिळाली नाही. मी छत्तीस वर्षांची होते आणि आता काही नवं शिकणं आपल्याच्याने व्हायचं नाही, असं ठरवूनच त्या दिवशी घरी आले. मग एका मैत्रिणीने (इथेच आहे, नाव छापलेलं तिला आवडणार नाही) संध्याकाळच्या क्लासची फी भरून टाकली आणि मुलीला सांभाळायला स्वतः येऊन बसली. चार महिने. सिस्टरांबद्दल मी वाचलं ते त्या क्लासच्या पहिल्याच आठवड्यात.

१० जानेवारी १९८५ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी सिस्टर केनेथ गेल्या. क्लार्कच्या संगणक केंद्राला आता त्यांचं नाव आहे आणि त्यांच्या नावाने शिष्यवृत्तीही दिली जाते.

संगणकाच्या बाई संमेलनाला येणार आहेत असं ग्रुपवर वाचलं. बाई, माझ्या त्या पहिल्या प्रोग्रामची फ्लॉपी तुमच्या कपाटात राहिली होती. परत मागायची नाही, फक्त एकदा बघायची आहे.